बेचाळीस टक्के

बाहेर उणे चौतीस. सास्काटूनची नदी
मधल्या धारेपुरती जागी, बाकी सगळी गोठलेली.
घरात भट्टी रात्रभर फुंकत असते
आणि भिंतीवरचा काटा सोळावर येऊन बसतो.
सोळा टक्के ओल.
एवढ्या हवेत ओठ फुटतात, टेबलाचे सांधे बोलू लागतात,
लोकरी मोजा काढला की ठिणगी.

बहीण दारका खुब्याचं हाड मोडून इस्पितळात.
तिची अकरा झाडं माझ्याकडे.
मी पियानो लावणारा माणूस, झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही,
असं म्हणालो तेव्हा ती म्हणाली,
कान आहेत ना तुला? मग झालं.

झाडं मातीत नाहीत.
नारळाच्या काथ्याच्या भुश्यात आहेत.
विटेएवढी कोरडी वडी कोमट पाण्यात सोडली
की खमीर चढल्यासारखी बादलीभर होते.
पहिल्या धुण्याचं पाणी मी जिभेला लावून पाहिलं.
खारट.
सत्तावन्न वर्षांत मी समुद्र पाहिलेला नाही.
तो असा आला, तपकिरी,
आणि सिंकच्या जाळीतून निघून गेला.

पहिल्या आठवड्यात चुकलो.
वरचा थर फिका दिसला की पाणी.
सकाळी दिसला, पाणी. झोपताना दिसला, पाणी.
वर वाळवंट आणि खाली तळं.
काथ्या खोटं बोलत नाही,
वरचं वर सांगतो, खालचं
विचारलं तरच.
दहाव्या दिवशी चिलटं उठली,
कॅलेथियाची पानं पिवळी पडली,
आणि फोनवर दारका: कुंडी उचलून बघितलीस?

नव्हती बघितली.
उचलली. मग सवयीने
बोटाच्या पेराने ठोकली.
भरलेली कुंडी मुकी असते, ठप्प.
अर्धी प्यायलेली जरा मोकळी वाजते.
पुरती सुकू द्यायची नाही, नाहीतर भुसा अंग चोरतो
आणि पाणी कडेकडेने उतरून थेट बशीत.
आता रोज कॉफीच्या आधी अकरा कुंड्या ठोकतो.
जिला हवं तिला पाणी, त्यात चमचाभर कॅल्शियम
(काथ्या आधी आपला वाटा काढून घेतो),
आणि पाचवा हिस्सा खालून वाहून जाईपर्यंत
नुसतं उभं राहायचं.
जे जातं त्यात मीठ असतं.

हवेचं मात्र भांडण आहे.
नेच्याला साठ हवेत.
पियानोला बेचाळीस, आणि बारा महिने तेच.
खिडकीला पंचवीसही सोसत नाहीत:
तिशीला काचेवर आतून बर्फ धरतो,
चाळिशीला चौकटीचा रंग सुटतो.
नेच्याची दया येऊन मी वाफेचं यंत्र लावलं.
पाच दिवसांत लाकूड फुगलं, तारा ताणल्या गेल्या,
मधला ए चारशे त्रेचाळीसवर चढून बसला.
परक्यांच्या घरचे सूर उतरवून परतलेला मी
माझ्याच दिवाणखान्यात बेसूर.

शेवटी पियानो हलवताना झाकतो ते जाड प्लॅस्टिक काढलं,
न्हाणीघराच्या दांडीवरून सोडलं,
अकराही जणींना खाली दाटीवाटीने बसवलं.
एकमेकींच्या श्वासावर आत एकसष्ट झाले.
बाहेर पियानोशेजारी मी, पेटीत ओला स्पंज ठेवून,
बेचाळीसची वाट बघत.

काल रात्री फोन स्पीकरवर टाकून
कुंडीच्या काठावर टेकवला आणि ठोकली.
हिला उद्या, दारका म्हणाली.
दुसरी ठोकली. हिला आत्ता, थोडंच.
तिच्या खोलीत कुणाचं तरी यंत्र टिकटिकत होतं.
तिसरी, चौथी, पाचवी.
सहावी ठोकली तेव्हा ती बराच वेळ
काही बोलली नाही.

परत वाजव, म्हणाली.