पोच

महापालिकेत तळमजल्यावर
आवक-जावकच्या खिडकीमागं
पस्तीस वर्षं मी शिक्का मारला.
जांभळी शाई अजून नखात आहे.
बायको म्हणते, नाही हो, तुम्हाला वाटतं तसं.

अनसूया वायदंडे पहिल्यांदा आली तेव्हा
मी नवा होतो.
तिनं अर्ज उलटा धरून आत सरकवला.
विषय : पूरग्रस्तांच्या यादीत नाव नसणेबाबत.
मी म्हणालो, बाई, पानशेत फुटून तेरा वर्षं झाली.
म्हणाली, मग तेरा वर्षं उशीर तुमचा.

पुरावा?
पुरावा पुरात गेला, साहेब.
मुठेनं घर नेलं, दोन शेरडं नेली,
सासूच्या चांदीच्या वाळ्या नेल्या,
घरपट्टीची पावती तेवढी मागं ठेव
हे नदीला कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या टेबलावरचे हसले.
मीही हसलो.
त्या हसण्याची नोंद कुठल्याच वहीत नाही,
म्हणून इथं करतो.

पोच द्या, म्हणाली.
साहेब रजेवर आहेत, उद्या या.
पोच द्या.
दुपारी मी डबा उघडला, खाल्ला, धुतला.
ती खिडकीखाली फरशीवर,
मांडीवर भाकरीचं फडकं, गाठ न सोडलेलं.
सव्वाचारला मी शिक्का मारला.
न्याय म्हणून नव्हे.
मला पाचची बस गाठायची होती.

मग येतच राहिली.
नळाला तोटी नसणेबाबत.
संडासाला दार नसणेबाबत.
मयत न्यायला वस्तीत गाडी येत नसणेबाबत.
सुभान्याला चौकीत दोन रात्री विनानोंद बसवून ठेवलेबाबत.
अक्षर दरवेळी निराळं,
वस्तीतलं जे पोर चौथीत असेल त्याचं.
एकाला पत्राचा एकच नमुना येत होता,
त्यानं आयुक्तांना लिहिलं :
तीर्थरूप बाबांस, साष्टांग नमस्कार.
मी तसाच दाखल करून घेतला.

एकदा रस्त्यात बसली म्हणून
येरवड्यात अकरा दिवस काढून आली
आणि बाहेर आल्या आल्या अर्ज :
तुरुंगात नळाला दोन वेळ पाणी येते,
आमच्याकडे का येत नाही याबाबत.

माझी आई मला म्हणायची,
ह्या पोराला काडीची पोच नाही.
आईचं खरं होतं.
रोज शंभर कागदांवर मी पोच देत होतो
आणि ती काय असते
हे एक निरक्षर बाई मला
खिडकीच्या गजांतून शिकवत होती,
तिला तसं काही शिकवायचं नसताना.

पूरग्रस्तांच्या यादीत तिचं नाव
शेवटपर्यंत आलं नाही.
तिच्या अर्जांमागून एकशेबारा जणांची आली.
मी एकदा विचारलं, वाईट वाटत नाही?
म्हणाली, वाटतं की.
आणि पुढचा कागद सरकवला.

ती गेली त्या दिवशी मी वस्तीत गेलो, पहिल्यांदा.
पुराच्या वेळी वाटलेल्या दूध पावडरीचा डबा,
गंजलेला, आणि आत सगळ्या पोचा,
सालवार, सुतळीनं बांधलेल्या.
प्रत्येकीवर माझी सही.
आधी ऐटबाज, लफ्फेदार,
मग आखडत आखडत
शेवटी नुसती एक रेघ.

सहा महिन्यांनी चौकाला तिचं नाव दिलं.
नगरसेवक आले, हार आले, फोटो निघाले.
फलकावर लिहिलं होतं : अनुसुया वायदांडे.

दुसऱ्या दिवशी खिडकीत एक मुलगी.
अकरावीतली असावी, दप्तर पाठीवर.
अर्ज सुलटा धरलेला, अक्षर तिचं स्वतःचं.
विषय : फलकावरील नावात दोन चुका असलेबाबत.
मी म्हणालो, अगं, मी ओळखत होतो त्यांना,
आत्ता फोन करून सांगतो, होऊन जाईल.

तोंडी नको काका, म्हणाली.
पोच द्या.

माझे सतरा दिवस उरले होते.
पॅड कोरडं पडलेलं.
पहिला शिक्का पुसट उठला,
म्हणून मी दुसऱ्यांदा मारला.