अर्ध्या तासाची उधारी

स्टेशन रोडला जिन्याखाली माझं तिकिटांचं टेबल.
पंखा, संगणक, दोन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती.
दिवसभर मी लोकांना अंतरं सांगते.
स्वतः कधी विमानात बसलीस का,
हे कुणी विचारत नाही.

इराप्पा गवळी आले ते गंगावेशीतून तसेच,
हातात रिकामी किटली, मनगटावर फेस वाळलेला.
नेमके डुगडुगत्या खुर्चीवर बसले.
"पोरगी डॉक्टरकीला निघालीय. ताश्कंदला.
किती लांब पडतंय?"

दिल्लीपासून सोळाशे किलोमीटर, मी म्हणाले.
उडायला तीन तास.
"आणि हितनं दिल्ली?"
रेल्वेनं दीड दिवस.
"म्हंजे परदेश जवळ,
देशच लांब."

किलोमीटर त्यांच्या हाताला लागेनात.
बोटांवर दुसरंच काही मोजत राहिले,
पहाटेची धार, रतीब, वैरण.
"तीन तासांत माझ्या म्हशी पंचगंगेवर जाऊन
धुऊन गोठ्यात येत्यात.
तेवढ्यात निलू दुसऱ्या मुलखात?"
तेवढ्यात.
"वाटेत काय लागतंय?"
डोंगर. बर्फ. कधी एखाद्या देशाचं आकाश बंद असतं,
मग वळसा पडतो, वेळ वाढतो.
"आभाळालाबी फाटक असतंय व्हय!"
हसले, पण हसू अर्ध्यावर टाकून
तिकीट बघायला लागले.

निघणं अकरा दहा. पोचणं एक चाळीस.
दोनदा मोजलं त्यांनी.
"हे अडीचच भरतंय, बाई.
अर्धा तास मापात कुणी मारला?"

तिथलं घड्याळ आपल्या मागं असतं, मी समजावलं,
आपले पाच म्हणजे त्यांचे साडेचार.
"ते खरं. पण तो अर्धा तास ऱ्हातोय कुणाकडं?"
बारा वर्षांत हा प्रश्न
या टेबलावर आला नव्हता.
परत येताना भरून द्यावा लागतो, मी म्हणाले.
"असं. उधारी हाय म्हणा की."

परतीचं काढू का, विचारलं.
नोटा मोजता मोजता नुसती मान हलली.
सहा वर्षांनंतरच्या तारखा
माझ्या संगणकात तशाही उघडत नाहीत.

परवा रात्री गंगावेशीत दूध प्यायला थांबले.
ते म्हशीखाली बसलेले, पितळी पेल्यात धार वाजत होती.
वर न बघताच म्हणाले,
"आपलं साडेआठ. तिचं आठ.
जेवली नसंल अजून."
पेला दिला. पैसे घेतले नाहीत.

खुंटीला रतिबाची वही लोंबत होती.
चौगुले, दोन लिटर. सुतार मास्तर, अर्धा.
तळाला, वेगळ्या शाईत:
निलू, अर्धा तास. येणे.

म्हशीनं शेपटी झाडली, चार थेंब माझ्या साडीवर.
माझं घर तिथून अकरा मिनिटं.
किती वेळ उभी होते,
कोण जाणे.