शंभर मीटर

शाळेच्या फाटकाला साहेबांनी टेपचं टोक टेकवलं,
डबी माझ्या हातात. मी मागं मागं सरकत
चप्पलवाला, झेरॉक्स, बंद एसटीडी बूथ ओलांडून
अत्तारांच्या सोडा सेंटरात शिरलो.
शंभर भरले ते काउंटरच्या मधोमध.

"म्हंजे मी आर्धा गुन्हेगार," दिलावरभाई म्हणाले,
"का सगळा?"
साहेबांनी परिपत्रक उलटून पाहिलं.
अर्ध्याबद्दल त्यात काही नव्हतं.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला.
मळीचा वास पलूसभर पसरला,
फाटकातून आत, वर्गात, फळ्यापर्यंत.
त्याला कुणी टेप लावत नाही.

पोरांचे दात, पोरांची पोटं, साहेब बोलले ते खरंच होतं.
मला कोण सांगणार?
आईच्या डाव्या पायाला शेवटी तीनच बोटं उरली होती.
आम्ही साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला,
तिनं स्टूल आणलं.
"माझं तोंड, माझा जीव," म्हणाली, आणि चमचाभर
आमच्या देखत खाल्ली.
मग मी स्टूल माळ्यावर टाकलं.
त्या दिवसापासून तिनं मला काही मागितलं नाही,
पाणीसुद्धा.

दिलावरभाईंनी फ्रिज दोन फूट पलीकडं ओढला,
अंगठ्यानं गोटी दाबली,
फसफसती बाटली रेषेच्या त्या बाजूनं पुढं केली.
"कायद्यात हाय आता. प्या."

साहेब रस्त्याकडं बघत होते.
मी टेप गुंडाळली, बाटली घेतली.
गोटी दातांवर वाजली.

माळ्यावरून ते स्टूल
मी अजून खाली काढलेलं नाही.