चकवा

मूर्तिजापूरच्या अलीकडे, पंचफुला आत्याच्या टिनावर
माझं पॅनेल तापतंय, तिसरा महिना.
काचेखाली सिलिकॉनचा थर,
कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ.
ऊन पुढच्या दारानं येतं, मागच्या दारानं जातं,
ओसरीवर टेकतसुद्धा नाही.

मागून चांदी दिली, आरशासारखी गुळगुळीत.
ऊन आपटलं, आल्या वाटेनं सरळ निघून गेलं.
मीटरवरचा आकडा जेमतेम सरकला.

आत्या तूर पाखडत होती.
"मले एक डाव चकवा लागला होता,
ढोम्याच्या वावरात.
रातभर तेच वावर, तोच धुरा.
वाट सरळ असती तं घटकाभरात घरी असती मी."

सरळ असती तर.

या खेपेला चांदी खरबरीत केली,
संत्र्याच्या सालीसारखी.
ऊन तिरपं उडतं, काचेला धडकतं, खाली येतं,
परत तिरपं.
धुरा काही गवसत नाही त्याला.

आकडा चढला. दुपारी अजून चढला.
आत्या शिडीवरून वाकून बघते.
"काय करते थे आतमंदी?"
"हिंडतंय."
ती जरा वेळ गप्प. मग,
"मले कोंबड्यानं सोडवलं होतं.
याले कोन सोडवन?"