दोन ढीग

ऑगस्ट अजून सरलेला नाही
आणि भूर्जानं निम्मी पानं टाकलीसुद्धा.
बोगुमिला पायरीवर उभी, हातात काळ्या चहाचा ग्लास,
झाडाकडे बघते, जसं बघावं
जेवायला न थांबता निघालेल्या पाहुण्याकडे.

कुंपणापलीकडून झेनोन म्हणतो, "गेलं ते. कापून टाका.
माझ्याकडे करवत आहे."
त्याच्याकडे करवत आहे
हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

ती डहाळी ओढते, नखानं ओरखडा काढते.
सालीखाली हिरवं. ओलसर, काकडीच्या देठासारखं.
"तहानलंय नुसतं."

मग रात्रभर पाईप, करंगळीएवढी धार,
आळं बुंध्यापासून लांब, मुळं जिथवर गेली असतील तिथवर.
वर गवताचा जाड थर, खोडाला मात्र चिकटू द्यायचा नाही.
खत अजिबात नाही.
अंथरुणाला खिळलेल्याला कोणी पंगतीत बसवतं का?

सकाळी पानं गोळा करायची, ढीग दोन.
सफरचंदाची, काळ्या डागांची, पोत्यात घालून
तोंड घट्ट बांधून फाटकाबाहेर:
ती इथे राहिली तर रोग इथेच हिवाळा काढतो.
भूर्जाची कंपोस्टात. त्यांनी काही केलेलं नाही,
पाणी पुरेना म्हणून झाडानं त्यांना सोडलं.

विटोल्ड बावन्नचा होता.
कागदावर एकच शब्द होता, लॅटिन.
आजारानं की तहानेनं,
हे तिनं कोणाला विचारलं नाही,
विचारलं असतं तर कोणत्या ढिगात नेऊन ठेवणार होती?
पानाचं बरं असतं. उलटं करून बोट फिरवलं की कळतं.

सप्टेंबर. जिरेनियमच्या कुंड्या घरात.
पहिल्या हिमानं डेलिया काळे पडले, तेव्हा त्यांचे कंद उकरून
वर्तमानपत्रात गुंडाळून तळघरात, बटाट्यांशेजारी.
मुलगी फोनवर म्हणते, विकून टाक आता ती जागा.
ती म्हणते, हो, हो, आधी लसूण लावून होऊ दे.

ऑक्टोबरात सगळीच झाडं ओकीबोकी झाली,
आता भूर्ज चारचौघांसारखा.
जवळ गेलं तरच दिसतं,
डहाळ्यांच्या टोकांना पुढच्या वर्षीचे तुरे, आवळून धरलेले.

ती गुडघ्याखाली पोतं घेऊन पाकळ्या खोचते,
टोक वर, बूड खाली, वीतभर अंतर.
चाळिसावर मोजणी चुकते.
पलीकडे झेनोन करवतीला तेल लावतोय.
ती पुन्हा एकपासून.