उद्गारचिन्हापुढचं

हिल्काची फाईल माझ्या हाती आली मार्चमध्ये,
औलूच्या बंदरात समुद्रावरून अजून चालत जाता येत होतं तेव्हा.
बर्फाचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत नवी यंत्रं यायची होती,
आणि जुन्या पडद्यावर कोणाला काय कसं दिसायला हवं
ते उचलून नव्यात ठेवायचं, हे माझं काम.

एकोणीस जणांच्या फायली कोऱ्या निघाल्या.
मिळालं तसं पाहत आलेली माणसं.
विसावी हिल्का युलितोलोनेनची:
दोनशे एकेचाळीस ओळी.

आधी अक्षरं. बारा.
मग चौदा. मग अठरा.
चोवीसच्या शेजारी तारीख, आणि दोनच शब्द: उद्या डोळा.
त्यानंतर पुन्हा अठरा.
माणूस असाही मागे येतो कधीकधी, सहा अंकांनी.

पार्श्वभूमी नोव्हेंबरपासून काळी,
एप्रिल लागला की सायीच्या रंगाची.
दर वर्षी हातानं बदललेली,
जशी कोणी जाड पांघरुणं ऊन दाखवून माळ्यावर टाकतं.
घंटी बंद.
बाण जाड आणि लालभडक,
कारण पांढऱ्यात पांढरं शोधण्यात उभी हयात गेली,
निदान बाण तरी हरवू नये.

या फायलींची एक रीत असते.
नावाआधी चांदणी काढली की हुकूम सगळ्या खिडक्यांना.
पण एखाद्या खिडकीचं पूर्ण नाव घेऊन काही सांगितलं
तर तिथे चांदणीचं चालत नाही.
नेमकं बोलेल त्याचं ऐकायचं,
एवढी अक्कल त्या जुन्या यंत्राला होती.

आणि ओळीच्या आरंभी उद्गारचिन्ह असेल
तर ती ओळ यंत्र वाचतच नाही.
आमच्या शाळेत हे चिन्ह शेवटी यायचं, आवाज चढवायला.
इथे ते कुजबुजीचं दार होतं.

एकशे सत्तराव्या ओळीपाशी थांबलो.

! माऊसची बटणं उलटी, ३ २ १. आर्मास डावखुरा.
! आर्मास आला की पुढची ओळ उघडणे.
! आर्मास गेला की झाकणे.

पुढची ओळ झाकलेली होती.
नऊ वर्षांपूर्वी.

एकच खुर्ची, एकच खातं, नियम मोडून दोघं,
ती दिवसाची, तो रात्रीचा.
कॉफीच्या खोलीत मी आवाज उतरवून विचारलं:
आर्मास... कधी गेला?

केमीला, म्हणाली. नऊ वर्षं झाली.
होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, कान गेलेत थोडे.
फेब्रुवारीत येतो कधी, माझ्या खुर्चीत बसतो,
आणि बटणं सरळ आहेत म्हणून शिव्या घालतो.
मग माझ्याकडे पाहून ती इतकी हसली
की तिच्या कपातली कॉफी बशीत आली.

नव्या यंत्रात पसंतीला तीन जागा आहेत:
उजळ. गडद. आपोआप.
हिल्कानं चष्मा कपाळावर ढकलला.
आपोआप म्हणजे कोण?

सूर्य मावळला की गडद, मी म्हणालो.

तिनं खिडकीबाहेर पाहिलं.
आणि जूनमध्ये?

उत्तर नव्हतं माझ्याकडे.
जूनमध्ये इथे सूर्य क्षितिजाला टेकतो, न टेकतो,
बोटं पाण्यात बुडवून चटकन काढून घ्यावीत तसा.

संध्याकाळी एकटा बसलो.
पुसून भरू की असलेल्यात मिसळू, एवढंच विचारतं यंत्र.
मिसळ, म्हटलं.
दोनशे एकेचाळीसातल्या तीन ओळी त्यानं घेतल्या.
बाकीच्यांबद्दल चूकही दाखवली नाही,
नुसतं गप्प.

फाईल मी तिच्या घरी, म्हणजे तिच्या खात्यात,
जशीच्या तशी ठेवली.
बटणांची ओळ तेवढी उघडून पाहिली,
उजव्या हाताला दोन मिनिटं सगळं परकं झालं,
मग झाकली.
आणि अगदी तळाशी, दोनशे बेचाळिसावी:

! इथपर्यंत वाचलं.