अर्धं वर्तुळ

पुस्तकातलं शहर गोल होतं.
मधोमध बाजार, भोवती जुनी घरं,
मग नवी घरं, मग शेतं,
कांदा आडवा चिरल्यासारखं.
परीक्षेत ते मी कंपासनं काढलं
आणि दहापैकी आठ मिळवले.

इथे नगररचना कार्यालयात रुजू झाले,
पहिल्याच आठवड्यात कंपासचं टोक रोवलं
बंदरावरच्या जुन्या जकात नाक्यावर,
पेन्सिल फिरवली,
तर अर्धं वर्तुळ पाण्यात पडलं.

गमरेसाहेब चहा पीत होते. म्हणाले,
कोकणात असंच.
खाली खाडी, वर सडा, मधे घाटी.
गाव जिना चढत वाढतं.
आणि मध्य म्हणशील तर तो कुठे एका जागी बसतो?
आगबोट होती तेव्हा धक्क्यावर होता,
एसटी आली तसा स्टँडवर गेला,
आता हायवेच्या फाट्यावर
भाड्यानं गाळा घेऊन राहतोय.

दोन वर्षं रंग भरले.
पिवळं म्हणजे राहायचं, निळं म्हणजे विकायचं,
जांभळ्यात काजूचा कारखाना,
हिरवं म्हणजे अजून ठरायचंय.
सड्यावरचा कातळ कुठल्याच रंगात बसेना.
भाद्रपदात तेवढा तो तेरड्यानं स्वतःच रंगतो.
तिथे पिवळं मारलं. सात मजल्यांपर्यंत परवानगी.
समुद्राला उरलेला रंग पाणी घालून फासला,
कोपरा कोरा दिसू नये म्हणून.

हरकत क्रमांक एकशे बारा.
अब्बास सोलकर, वय अडुसष्ट, धंदा मच्छीमारी.
जमीन: नाही. घर: भाड्याचं, मोहल्ल्यात.
बाधित मिळकतीचा रकाना रिकामा.
मग हरकत कसली, साहेबांनी विचारलं.

त्यांनी नकाशा टेबलावर फिरवला,
समुद्र स्वतःकडे घेतला.
"बाय, सड्यावरचा वड आणि मशिदीचा मिनार
एका रेघेत आले
की होडीखाली कासवखडक.
वड मिनाराच्या डावीकडे वीतभर सरकला
की गोबऱ्याची जागा.
देवळाचा कळस वडात बुडाला
की वल्हं थांबवायचं, पुढे जाळं फाटतं."
बोट फिरत राहिलं
माझ्या त्या पाणचट निळ्यावर,
आळीतली घरं दाखवावीत तसं.
इथे बापाची होडी आपटली.
इथे वारा नेहमी भांडतो.
"तुमचे सात मजले माझ्या वडापुढे उभे राहतायत."

मागून कुणीतरी म्हणालं, आता जीपीएस असतं की!
"असतं. मुलाच्या ट्रॉलरवर.
मुलगा माझ्याशी बोलत नाही."

निकाल मीच टाईप केला:
सदर बाब नियोजन क्षेत्राबाहेरील. अमान्य.
सगळे गेल्यावर ट्रेसिंगच्या कागदावर
पट्टी लावून बघितली.
वडापासून मिनार, मिनारापासून पुढे,
रेघ समुद्रात उतरली, समास ओलांडला,
टेबलाच्या लाकडावर गेली.
ती तिथे आहे अजून. पुसली नाही.

इमारत झाली. नाव सागरदर्शन.
गणपतीत आणि मे महिन्यात खिडक्या लागतात,
एरवी एकटा वॉचमन आणि तळमजल्यावरचं एटीएम.
वर पाण्याच्या टाकीवर लाल दिवा.

परवा बाजारात अब्बासचाचा भेटले,
टोपलीत दोन गोबरे, ओल्या गोणपाटाखाली.
मी नजर चुकवणार तेवढ्यात तेच म्हणाले,
"मिळाला गं खडक.
तुझा तो लाल दिवा मिनारावर आणला,
थोडा उजवीकडे धरावा लागतो, एवढंच."
मग टोपली या हातातून त्या हातात घेत,
"फक्त लाईट गेली
की खडकही जातो.
कधी जाणार ते तुमच्या हापिसात कुणाला म्हायती असतं का?"

मी म्हटलं, विचारून सांगते.